गस ग्रिसमचं चरित्र लिहितोय, पण त्या दाराशी येऊन अडलोय

धूमकेतू

नमस्कार मंडळी,

तीन वर्षं झाली, गस ग्रिसमचं चरित्र मराठीत लिहायचं घेऊन बसलोय. नाव नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जन्म ३ एप्रिल १९२६, इंडियाना राज्यातलं मिचेल हे छोटं गाव, वडील रेल्वेत सिग्नलच्या कामावर. कोरियन युद्धात एफ-८६ सेबर विमानावर १०० मोहिमा. एप्रिल १९५९ मध्ये नासाने निवडलेल्या पहिल्या सात जणांपैकी एक. २१ जुलै १९६१ ला 'लिबर्टी बेल ७' मधून १५ मिनिटं ३७ सेकंदांचं उड्डाण, म्हणजे अंतराळात गेलेला दुसरा अमेरिकन. २३ मार्च १९६५ ला जॉन यंगबरोबर जेमिनी ३ यानातून दुसरं उड्डाण. आणि २७ जानेवारी १९६७ ला केप केनेडीच्या ३४ नंबरच्या तळावर, रॉकेटात इंधनसुद्धा नसताना, अपोलो १ यानाच्या चाचणीदरम्यान लागलेल्या आगीत एड व्हाइट आणि रॉजर चॅफी यांच्यासोबत मृत्यू. वय फक्त ४०.

अडचण अशी आहे. पहिल्या उड्डाणानंतर यान समुद्रात उतरलं, हेलिकॉप्टर जवळ आलं आणि यानाचं दार अचानक उडालं. पाणी शिरलं, यान बुडालं, गस बुडता बुडता वाचला. तो शेवटपर्यंत सांगत राहिला की मी बटण दाबलं नाही. पण 'घाबरून दार उडवलं' हा शिक्का बसला तो बसलाच. १९८३ च्या एका गाजलेल्या चित्रपटाने तर तो घराघरात पोचवला.

पहिलं प्रकरण चार वेळा लिहून फाडलं. दारापासून सुरुवात केली की सगळं पुस्तक वकिली वाटायला लागतं. आगीपासून केली की पुढची ३०० पानं वाचक फक्त आगीची वाट बघतो. मिचेलपासून केली तर कोण वाचणार, असं वाटतं. तुम्ही वाचक म्हणून काय म्हणाल? आणि दार कुणी उडवलं याचा निकाल चरित्रकाराने द्यावा का?

खगोलवेडी

विषय वाचूनच उडी मारली! आर्मस्ट्राँग, गागारिन यांच्यावर आपल्याकडे थोडंफार वाचायला मिळतं, ग्रिसमचं नाव मात्र 'अपोलो १ मध्ये गेलेले तिघे' एवढ्यावरच संपतं. नक्की लिहा. वाचनखूण साठवली आहे.

पक्षीराज

मी आगीपासूनच सुरुवात करेन. कारण साधं आहे. वाचकाला शेवट माहीतच आहे, मग लपवून काय मिळणार? त्या संध्याकाळी संपर्क यंत्रणा सतत बिघडत होती, तासन् तास खोळंबा झाला होता. तेव्हा गस वैतागून बोलला की दोन-तीन इमारतींमध्ये आपल्याला धड बोलता येत नाही, मग चंद्रावर कसे जाणार? हे वाक्य पहिल्या पानावर ठेवा. त्यात माणूस दिसतो, काम दिसतं, धोकाही दिसतो. तिथून मागे जा.

दाराबद्दल म्हणाल तर निकाल द्याच. चरित्रकार कुंपणावर बसला की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं.

मुक्ता_स

पक्षीराज, पहिला भाग अजिबात पटला नाही. मृत्यूपासून सुरू झालेलं चरित्र माणसाला मेलेलाच ठेवतं. तो हॅम्बर्गर भाजत असला तरी आपण 'अरेरे, बिचारा' म्हणत वाचतो. गसला तर कुणी बिचारं म्हटलेलं अजिबात खपलं नसतं, असं मला त्याच्याबद्दल जेवढं वाचलंय त्यावरून वाटतं.

(हॅम्बर्गर खरे आहेत बरं का. पर्ड्यू विद्यापीठात शिकताना तो वर्गानंतर एका खाणावळीत हॅम्बर्गर भाजायचा आणि बायको, बेटी, टेलिफोन ऑपरेटरचं काम करायची. त्या पगारावर शिक्षण झालं. १९५० ला यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी.)

टॉर्करेंच

माझी हयात दाबाखाली चालणाऱ्या यंत्रांच्या दारांमध्ये आणि झाकणांमध्ये गेली, म्हणून या दाराबद्दल थोडं तपशिलात लिहितो. धूमकेतू, तुम्हाला हे माहीत असणार, पण बाकीच्यांसाठी.

ग्रिसमच्या आधी गेलेला पहिला अमेरिकन म्हणजे शेपर्ड. त्याच्या यानाचं दार यांत्रिक कड्यांचं होतं, वजन ६९ पौंड. ग्रिसमच्या यानात पहिल्यांदा स्फोटक दार बसवलं, ते फक्त २३ पौंडांचं. ७० टायटॅनियम बोल्ट. प्रत्येक बोल्टला बारीक भोक पाडून तो मुद्दाम कमकुवत केलेला आणि सगळ्यांच्या भोवती स्फोटक वात फिरवलेली. आत एक दट्ट्या. टोपण काढायचं, सुरक्षा पिन काढायची, मग ५-६ पौंडांच्या जोराने दट्ट्या दाबला की सत्तरही बोल्ट एका क्षणात तुटून दार बाहेर फेकलं जातं. पिन जागेवर असेल तर ४० पौंड जोर लागतो.

ग्रिसमने टोपण आणि पिन काढली होती, ते त्याने स्वतःच सांगितलं. नंतर तो पाठीवर पडून हेलिकॉप्टरची वाट बघत होता आणि धप्प असा आवाज झाला.

आता दुसरी बाजू. ३ ऑक्टोबर १९६२ ला त्या सात जणांपैकीच वॉली शिराने आपलं उड्डाण संपल्यावर जहाजाच्या डेकवर दट्ट्या हाताने मारून दार उडवलं. दट्ट्याचा उलटा तडाखा असा बसला की ग्लोव्ह घातलेला असूनही हाताला दुखापत झाली. ग्रिसमच्या अंगावर तशी कुठलीच खूण नव्हती. माझ्यासारख्या माणसाला हा पुरावा शंभर मुलाखतींपेक्षा जड वाटतो.

मग उडालं कशाने? चौकशीत ते दार आपोआप उडवून बघायचे बरेच प्रयत्न झाले, एकदाही जमलं नाही. बाहेरून ओढायची दोरी सुटली असेल, असा एक तर्क आहे. २०२१ मध्ये काही अभ्यासकांनी जुन्या चित्रफिती सुधारून फ्रेम-फ्रेम तपासल्या आणि हेलिकॉप्टरच्या पात्यांमुळे साठलेल्या स्थिर विद्युतेची ठिणगी हे कारण पुढे मांडलं. हेलिकॉप्टरमधले लोक तेव्हा लांब काठीला लावलेल्या कात्रीने यानाची अँटेना कापत होते. मला हे पटतं. पण 'पटतं' आणि 'सिद्ध झालं' यांत अंतर आहे. ते अंतर पुस्तकात दिसायला हवं.

पक्षीराज

टॉर्करेंच, सलाम. पिनचा तो ५ आणि ४० पौंडांचा फरक मला माहीत नव्हता. पण बघा, तुम्हीसुद्धा निकालाच्या जवळ गेलातच!

टॉर्करेंच

जवळ गेलो. उंबरठ्यावर थांबलो. :)

एक राहिलंच. त्या दिवसानंतर कार्यपद्धती बदलली: हेलिकॉप्टरचा आकडा अडकून यानाला ताण बसेपर्यंत सुरक्षा पिन काढायची नाही. दोष कुणाचा यावर वाद घालायला पुष्कळ लोक होते, ही ओळ मात्र कुणीतरी शांतपणे यादीत घातली. ती ओळ पुस्तकात यायला हवी.

आबा_४८

धूमकेतू, फार चांगलं काम हाती घेतलंत. आमच्या पिढीला हे लोक सिनेनटांसारखे होते. वर्तमानपत्रातली चित्रं कापून वहीत चिकटवायचो. माझ्या वहीत शेपर्ड होता, ग्लेन होता, व्हाइट तर अंतराळात तरंगताना होता. ग्रिसमचं एकही चित्र नव्हतं. आज तुमचा धागा वाचून मला त्याचं वाईट वाटलं. बुटका, फारसं न बोलणारा माणूस. कॅमेऱ्याला तो आवडला नाही आणि त्यालाही कॅमेरा आवडला नाही.

सॅन दिएगोच्या कॉनव्हेअर कारखान्यातला प्रसंग घ्या. ॲटलस रॉकेट बनवणारे हजारो कामगार जमलेले, ग्रिसमला भाषण करायला सांगितलं. तो उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, चांगलं काम करा. खाली बसला. कामगारांनी ते शब्द मोठ्या फलकावर लिहून कारखान्यात लावले. माझं मत विचाराल तर पुस्तक इथून सुरू करा.

धूमकेतू

आबा, कॉनव्हेअरचा प्रसंग माझ्या चौथ्या प्रकरणात होता. तुमचं वाचून उठलो आणि पानं पुन्हा काढली.

सगळ्यांचे आभार. आता एक गोष्ट सांगतो, जिच्यामुळे मी सध्या झपाटलोय. १९४५ मध्ये हवाईदलातून सुटल्यावर गसला नोकरी मिळाली ती मिचेलमधल्या बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात. काम काय? शाळेच्या बसना दारं बसवणं! हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. दारं बसवणारा माणूस, मग दार उडालं म्हणून बदनाम झालेला माणूस, मग दार उघडलं नाही म्हणून मेलेला माणूस. आख्खं चरित्र या तीन दारांवर उभं राहील. पुस्तकाचं नावही 'तीन दारं'.

खगोलवेडी

बाप रे. काटा आला खरंच.

अनामिक_वाचक

+१, नाव जबरदस्त आहे!

जुनी_वही

धूमकेतू, रागावू नका, पण 'तीन दारं' करू नका. कळकळीने सांगते.

मी एक चरित्र लिहिलंय. छोटंसं, एका शिक्षकांचं, खासगी वितरणासाठी. त्यांच्या आयुष्यात पाण्याचे तीन प्रसंग होते: लहानपणी विहिरीत पडले, तरुणपणी पुरात अडकले, म्हातारपणी जलोदराने गेले. मी सगळं पुस्तक पाण्याभोवती गुंफलं. लोकांनी कौतुक केलं. मग त्यांच्या मुलीने पुस्तक वाचून मला फोन केला. म्हणाली, ताई, छान आहे, पण माझे बाबा ४१ वर्षं रोज गणित शिकवत होते, ते यात कुठे आहे? मला उत्तर नव्हतं. पाणी योगायोग होता. गणित आयुष्य होतं. ते मी १२ पानांत उरकलं होतं.

बसची दारं गसने वर्षभर तरी बसवली का? ते काम कंटाळवाणं वाटलं म्हणून तर तो कॉलेजला गेला. या प्रसंगात महत्त्वाचं काय असेल तर तो कंटाळा. दार नव्हे.

साधनांबद्दलही एक सांगायचं आहे. १९५९ मध्ये या सात जणांनी एका मोठ्या साप्ताहिकाशी करार केला होता, सगळ्यांत मिळून पाच लाख डॉलर. त्यांच्या नावाने छापून आलेले बरेच लेख दुसऱ्यांनी शब्दबद्ध केलेले आणि घासूनपुसून चकचकीत केलेले होते. त्यामुळे 'गस म्हणतो' असं लिहिताना तो खरंच बोलला की कुणी त्याच्या तोंडी घातलं, हे प्रत्येक वेळी तपासा. उड्डाणानंतर त्याने दिलेला अहवाल आणि पत्रकार परिषद यांत त्याचा स्वतःचा आवाज जास्त ऐकू येतो. उड्डाणात बराचसा वेळ मी घाबरलेलो होतो, असं तो पत्रकारांसमोर सरळ कबूल करतो. चकचकीत लेखात हे वाक्य टिकलं असतं का?

पक्षीराज

घाबरलो होतो हे कबूल करणारा माणूस दार उडवलं हे मात्र लपवेल? मला वाटतं, टॉर्करेंच यांच्या बोल्टइतकाच हा पुरावासुद्धा वजनदार आहे.

मुक्ता_स

पक्षीराज, ही ओळ धूमकेतूंनी जशीच्या तशी घ्यावी.

अक्षरवेल

मी भाषेच्या अंगाने दोन शंका काढते.

पहिली. धाग्यात सगळे 'गस म्हणाला' लिहितायत, आबासुद्धा. पुस्तकात काय करणार? मराठी चरित्रांत नायक लहानपणी 'तो' असतो आणि मोठा झाला की एखाद्या प्रकरणात गुपचूप 'ते' होतो. कधी झाला ते कळतच नाही. ग्रिसम कुठल्या पानावर 'ते' होणार? कोरियात? नासात निवड झाल्यावर? की मेल्यावर?

दुसरी शंका जास्त गंभीर आहे. 'अंतराळवीर' हा शब्द. इतर भाषांतल्या शब्दांत नाविक आहे, प्रवासी आहे. आपण मात्र त्याला पहिल्याच दिवशी वीर करून टाकलं. जो वीर आहे तो घाबरला की बातमी होते. जो यात्री आहे तो घाबरला तर माणूस ठरतो. गसवर झालेला अन्याय या एका शब्दात आपण रोज पुन्हा करतो, असं मला मनापासून वाटतं.

आबा_४८

अक्षरवेल, फारच मोलाचं लिहिलंत. पण 'वीर' काढू नये असं मला वाटतं. तळपायाखाली रॉकेट पेटवून बसायचं, तेही पहिल्या दुसऱ्या माणसाने, याला वीर नाही तर काय म्हणायचं? भीती असून बसला म्हणूनच वीर.

'तो' मात्र ठेवा. आम्ही घरात आजोबांना 'अहो' म्हणायचो आणि आजीला 'अगं'. जवळची कोण होती ते सांगायला नको.

टॉर्करेंच

'तो' ला अनुमोदन. कॉकपिटमध्ये कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही.

जाता जाता: जेमिनीच्या कॉकपिटच्या आखणीत ग्रिसमचा इतका हात होता की बाकीचे त्या यानाला 'गसमोबील' म्हणायचे. तो ५ फूट ७ इंच. १९६३ मध्ये लक्षात आलं की १६ अंतराळवीरांपैकी १४ जण त्यात नीट मावतच नाहीत! मग आतली रचना बदलावी लागली. बुटक्या माणसाने आपल्या मापाने यान शिवून घेतलं, असा हा मजेदार प्रसंग आहे. पण यातून हेही कळतं की तो वर्षानुवर्षं कारखान्यात अभियंत्यांच्या शेजारी उभा होता. जुनी_वही यांच्या भाषेत, हे त्याचं गणित.

खगोलवेडी

मजेदार प्रसंग निघालेच आहेत तर माझी भर. जेमिनी ३ चं नाव त्याने 'मॉली ब्राउन' ठेवलं, न बुडणाऱ्या बाईवरच्या तेव्हाच्या संगीत नाटकावरून. नासाच्या वरिष्ठांना रुचलं नाही, दुसरं नाव सुचवा म्हणाले. त्याने सुचवलं 'टायटॅनिक'. मग मॉली ब्राउनच बरी असं ठरलं!

आणि ते सँडविच. जॉन यंगने खिशातून चोरून नेलेलं कॉर्न्ड बीफ सँडविच काढून गसला दिलं. गसने एक घास घेतला, तुकडे तरंगायला लागले, तेव्हा त्याने ते खिशात ठेवून दिलं. यावर पुढे अमेरिकन संसदेत प्रश्न विचारले गेले.

अवांतर, पण माझ्यासारख्या आकाश बघणाऱ्यांसाठी सगळ्यांत आवडता किस्सा हा. अपोलोच्या दिशादर्शनासाठी ताऱ्यांची यादी होती, त्यात गसने गमतीने तीन नावं घुसडली: नवी, डनोसेस, रेगोर. 'नवी' म्हणजे त्याचं मधलं नाव 'आयव्हन' इंग्रजीत उलटं लिहिलेलं. 'रेगोर' म्हणजे रॉजर उलटा. 'डनोसेस' म्हणजे एड व्हाइटच्या नावापुढच्या 'सेकंड' या शब्दाची अक्षरं उलटी. आगीनंतर सहकाऱ्यांनी ती नावं तशीच वापरात ठेवली. शर्मिष्ठा तारकासमूहाचा इंग्रजी 'डब्ल्यू' आकार आठवा, त्यातला मधला तारा म्हणजे नवी. मी दर वेळी तिथे दोन क्षण थांबते.

अनामिक_वाचक

शर्मिष्ठा आता वेगळी दिसणार.

रातराणी

थोडा वेगळा सूर लावते. इथे सगळे अमेरिकेतल्या कागदपत्रांवर बोलतायत. त्याच काळात सोव्हिएत बाजूचं चरित्र लिहिणाऱ्याची काय अवस्था असेल? गागारिन १२ एप्रिल १९६१ ला यानातून बाहेर फेकला जाऊन स्वतंत्र पॅराशूटने उतरला. विक्रमाच्या नियमात बसावं म्हणून तो यानासकट उतरला असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. त्यांच्या रॉकेटांचा मुख्य अभियंता कोरोल्योव्ह, त्याचं नाव तो जानेवारी १९६६ मध्ये जाईपर्यंत जगाला माहीत नव्हतं. नेल्युबोव्ह या अंतराळवीराला दलातून काढलं, तर छायाचित्रांमधूनही पुसलं.

आणि व्हॅलेंटिन बोंदारेन्को. अंतराळवीर होण्याचं प्रशिक्षण घेणारा २४ वर्षांचा मुलगा. २३ मार्च १९६१ ला, म्हणजे गागारिनच्या उड्डाणाला तीन आठवडे असताना, ऑक्सिजनचं प्रमाण वाढवलेल्या बंद खोलीत सराव चालू होता. अंगावरचे संवेदक काढून स्पिरिटच्या बोळ्याने जागा पुसली, बोळा टाकला तो विजेच्या शेगडीवर पडला. भडका. आतला दाब कमी केल्याशिवाय दार उघडेना. सोव्हिएत वाचकांना हे १९८६ मध्ये कळलं.

बंद जागा, ऑक्सिजन, आग, न उघडणारं दार. धूमकेतू, तुमच्या पुस्तकात या मुलाला एक पान द्या. योगायोग म्हणून नाही. एका देशाने लपवलेल्या गोष्टीची किंमत माणसं कशी मोजतात, हे सांगायला.

धूमकेतू

रातराणी, बोंदारेन्कोबद्दल मी वाचलं होतं, पण या पुस्तकात त्याची जागा असेल असं सुचलंच नव्हतं. नक्की देतो. मात्र ती बातमी वेळेवर कळली असती तर अपोलो १ टळलंच असतं, असं लिहिणार नाही. शुद्ध ऑक्सिजनचा धोका अमेरिकेतही अनेकांना माहीत होता.

टॉर्करेंच

बरोबर. आणि तिसऱ्या दाराबद्दल एक गैरसमज दूर करतो, कारण बऱ्याच ठिकाणी छापून येतो: 'ग्रिसमचं दार उडालं म्हणून अपोलोचं दार आत उघडणारं केलं, आणि त्यानेच तो मेला.' ऐकायला फार बांधेसूद आहे. अर्धंच खरं आहे.

स्फोटक दार नको, चुकून उडेल, असं म्हणताना लिबर्टी बेलचा दाखला दिला गेला, हे खरं. पण जेमिनीचं दारही लिबर्टी बेलसारखं बोल्ट तोडून उडणारं नव्हतं, तरी ते बाहेरच उघडायचं. व्हाइट त्यातूनच अंतराळात बाहेर पडला होता. अपोलोत दार आत उघडणारं ठेवण्यामागे वजन आणि हवाबंदपणा ही स्वतंत्र कारणं होती. आतला दाबच दाराला चौकटीवर दाबून धरतो, गळती होत नाही.

आता त्या दिवसाचा हिशोब करा. यानात शुद्ध ऑक्सिजन, दाब चौरस इंचाला १६.७ पौंड, बाहेर १४.७. फरक फक्त २ पौंड. पण चौरस फुटाला तो २८८ पौंड होतो. आग लागल्यावर काही सेकंदांत आतला दाब २९ च्या वर गेला, म्हणजे चौरस फुटाला २,००० पौंडांहून जास्त. कुठलाही माणूस ते दार आत ओढू शकत नाही. व्हाइट मधल्या आसनावर होता, कड्या सोडवणं त्याचं काम. आतला दाब बाहेर सोडणं गसचं. साधं, सुरळीत असतानाही बाहेर पडायला किमान दीड मिनिट लागायचं. पहिल्या हाकेपासून यानाचं कवच फुटेपर्यंत गेले १५ सेकंद.

आगीनंतरचं दार बाहेरच्या बाजूला आणि काही सेकंदांत उघडणारं झालं. उड्डाणाआधी आतली हवा ६० टक्के ऑक्सिजन, ४० टक्के नायट्रोजन. चंद्रावर गेलेला प्रत्येक जण त्या दारातून आत शिरला.

पक्षीराज

हे वाचून काही वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. माझा आधीचा सल्ला मागे घेतो. १५ सेकंदांनी पुस्तक सुरू करू नका.

मुक्ता_स

धाग्यात एक व्यक्ती अजून हॅम्बर्गरच्या कंसातच अडकून पडली आहे. बेटी.

पहिल्या उड्डाणानंतर शेपर्डला केनेडींनी व्हाइट हाउसमध्ये पदक दिलं होतं. गसला पदक मिळालं, पण व्हाइट हाउसमधला तो मान त्याच्या वाट्याला आला नाही. आगीनंतर १९७१ मध्ये बेटीने यान बांधणाऱ्या कंपनीवर दावा लावला आणि १९७२ मध्ये साडेतीन लाख डॉलरची तडजोड झाली. अंतराळवीराची विधवा कोर्टात जाते म्हणून तिला नावं ठेवणारे पुष्कळ होते. ती २०१८ पर्यंत जगली, म्हणजे नवऱ्यानंतर ५१ वर्षं. आयुष्यभर सांगत राहिली की त्याने दार उडवलं नाही.

धूमकेतू, तुम्हाला वकिली करायची भीती वाटते ना? मग वकिली बेटीला करू द्या. ती तिचीच आहे, तिला शोभते. तुम्ही बोल्ट, पिन आणि शिराचा हात मांडा. निकालाची खुर्ची रिकामी राहू द्या.

आणि आगीच्या पाच दिवस आधीची गोष्ट, २२ जानेवारीची. तो घरून निघताना अंगणातल्या झाडाचं लिंबू तोडतो. बेटी विचारते, हे कशाला? तो म्हणतो, यानाला टांगायला. अमेरिकेत बिघडक्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. यानातल्या चुका सांगून सांगून तो थकला होता. ते लिंबू तिने तोडताना पाहिलंय, म्हणून ते तिच्या डोळ्यांनी लिहा.

जुनी_वही

मुक्ता, अगदी अगदी!

आबा_४८

मुक्ताताई, डोळ्यांत पाणी आणलंत.

मला एक सांगा कुणीतरी. ते बुडालेलं यान सापडलं ना? त्यातून दाराचं काही कळलं का?

खगोलवेडी

सापडलं, आबा. २० जुलै १९९९ ला, चंद्रावर पाऊल पडल्याला बरोबर ३० वर्षं झाली त्या दिवशी वर काढलं. जवळपास पाच किलोमीटर खोल होतं. आता कॅन्सस राज्यातल्या हचिन्सनच्या संग्रहालयात आहे. दार मात्र मिळालं नाही. आत चिखलात दहा सेंटांची नाणी सापडली! गसने नाण्यांच्या दोन गुंडाळ्या नेल्या होत्या, परत आल्यावर मित्रांच्या मुलांना द्यायला. त्यातली काही त्याच्या पोशाखात होती आणि पोहताना त्या वजनाचा त्याला पश्चात्ताप झाला.

धूमकेतू

मंडळी, चार दिवस धागा नुसता वाचत होतो. आज सकाळी बसलो आणि पहिलं पान लिहून झालं. 'तीन दारं' रद्द. कॉनव्हेअर नाही, आग नाही, मिचेलही नाही. दाराच्या आवाजानंतर सुरू केलंय, म्हणजे दार कसं उडालं हा प्रश्न पहिल्या पानावर येतच नाही. कच्चा मसुदा आहे, सांगा:

"पाणी हनुवटीपर्यंत आलं तेव्हा गसच्या लक्षात आलं की पोशाखाची झडप बंद करायची राहिली आहे. हवा निघून चालली होती आणि तो दर लाटेगणिक थोडा खाली जात होता. वर तीन हेलिकॉप्टर होती. त्याने हात हलवला. वरच्यांनीही हात हलवले. तो ठीक असल्याची खूण करतोय असं त्यांना वाटलं. त्याने पुन्हा हात हलवला. शेवटी दोराचं कडं खाली आलं, ते त्याने उलटंच अंगात अडकवलं, आणि त्याला वर ओढून घेतलं. हेलिकॉप्टरच्या आत पाय टेकताच त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे तिथलं एक लाइफ जॅकेट उचलून अंगात घातलं. जहाजापर्यंत तो त्याचे बंद आवळत राहिला."

पुढचं प्रकरण थेट पर्ड्यू. मग शेवटपर्यंत 'तो'. अक्षरवेल, 'वीर' फक्त एकदाच येतो, वर्तमानपत्राच्या मथळ्यात. आबा, तुमचं ऐकलं नाही, माफ करा.

अक्षरवेल

लाइफ जॅकेट! हे कुठे होतं इतके दिवस?

आबा_४८

माफी कसली. माझ्या मनात तो वीरच राहील, पुस्तकात काहीही छापा.

टॉर्करेंच

फार आवडलं. एकच दुरुस्ती सुचवतो. तुम्ही पोशाखाच्या व्हॉल्व्हला 'झडप' म्हटलंय, ते आमच्या क्षेत्रातही बरोबर आहे. पण तुमच्या जुन्या टिपणांत यानाच्या दारालासुद्धा काही ठिकाणी 'झडप' लिहिलेलं पाहिलं होतं. पुस्तकभर दार ते 'दार' आणि व्हॉल्व्ह ती 'झडप' असं पक्कं ठरवा. झडप उघडी राहिली ही चूक त्याची होती, ती त्याने स्वतः सांगितली. दाराचं तसं नाही. वाचकाने एका जागीसुद्धा दोन्हींची गल्लत करता कामा नये.

धूमकेतू

आत्ता शोधून बघितलं. ११ ठिकाणी 'झडप' आहे. बसतो बदलायला.